मृणालताई, सायरन झोपला नव्हता, मोजत होता

अन्याय मृणालवर झाला. कधी, तेही सांगतो. घटस्थापनेच्या आधीच्या शुक्रवारी सकाळी, डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत, गॅसगळतीच्या मॉक ड्रिलच्या मांडवात. सायरन अगदी वेळेवर वाजला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्या चालू असतानाच झाला.

ताई, सुरुवात अशी करायची हे तुझंच. माझं पहिलं पत्रक वाचून तू बोललेलीस, "निखिल, तिसऱ्या ओळीपर्यंत नुसता संताप आहे रे. कोणाचं, काय, कधी झालं ते कळेपर्यंत माणूस त्या कागदात भजी गुंडाळून मोकळा होईल." मी चिडलेलो. मामी, तुझी आई, स्वयंपाकघरातून हसली. तू हसली नाहीस, कारण तू ते गमतीत बोललीच नव्हतीस.

तर घे. कोणावर आणि कधी, पहिल्याच ओळीत आलं. आता संताप करू का?

परवा तुझा तेरावा झाला. वर्तकनगरच्या घरात पंगत बसली, आणि पंगतीत सायरनची सिस्टिम बनवणाऱ्या तुझ्या ऑफिसातले साहेब होते. चपला नीट कोपऱ्यात काढून आले, मामीसमोर हात जोडून उभे राहिले, तुझ्या फोटोला फूल वाहिलं. माणूस वाईट नाही, हे तू मला हजारदा सांगितलेलं. मी वाढत होतो. वरण वाढायला वाकलो तेव्हा ते शेजारच्याला सांगत होते, "मॅडम फार सिन्सियर. फक्त काळजी फार करायच्या. शेवटी ते तब्येतीवर येतं."

"कसली काळजी करायच्या, सर?" मी विचारलं.

"अहो, तीच, सायरनच्या सिस्टिमची. तुम्ही ड्रिलला होतात ना? वाजला ना सायरन? मग? आता पुढच्या महिन्यात परत ड्रिल आहे. त्यानंतर सगळी वसाहत जोडतोय. या की बघायला."

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. मामीने माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे बोलली, "निखिल, साहेबांना भात वाढ."

मी भात वाढला. तुझ्या तेराव्याला मी भांडलो नाही, ताई. तिथे भांडलो नाही म्हणून इथे लिहितोय, आमच्या रहिवासी मंडळाच्या अंकात, जो डोंबिवलीत कारखान्यांच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या प्रत्येक घरात जातो. तुझ्याशी बोलतोय, पण ऐकायला तेही आहेत.

ते ड्रिल आठवतंय? आठवत असणारच. खुर्च्यांना पांढरी कव्हरं. नारळ. पाहुण्यांना वास येऊ नये म्हणून कारखाना सकाळपासून बंद ठेवलेला. मग एक माणूस चाचणीच्या गॅसची छोटी बाटली आणि एक वाटी घेऊन निघाला. पहिल्या सेन्सरला वाटी लावली, सेन्सरचा दिवा लागला, पाहुण्यांनी मान हलवली. दुसऱ्याला लावली. पुन्हा मान. शांतपणे, एकामागून एक. तू माझ्या कानात कुजबुजलीस, "हे काय रे, ओवाळतायत का सेन्सरना?" मी मोठ्याने हसलो आणि पुढच्या रांगेने मागे वळून बघितलं.

सायरन वाजण्याआधी तू उठलीस. सगळ्यांसमोर, पण खालच्या आवाजात बोललीस, "सर, एकेक नको. सगळ्यांना एकदम गॅस दाखवून बघू या का?"

आणि साहेब माइकवरून बोलले, "आमच्या मॅडमना ना, लग्नात गेल्या तरी मांडवाचे खांब हलवून बघायची सवय आहे." हशा. तेवढ्यात सायरन वाजला. टाळ्या. पाहुणे तुझ्याकडे वळून बोलले, "बघा, वाजला! आता तरी खूश?"

मी उठत होतो. तू माझं मनगट धरलंस. तुझी बोटं गार होती. "बस," तू बोललीस. "वाजणारच होता. मी कधी बोलले वाजणार नाही म्हणून?"

त्या सकाळी मला यातलं काडीचं कळलं नव्हतं. एवढंच कळलेलं की कोणीतरी माझ्या बहिणीचा अपमान केला. मला तेवढं पुरेसं होतं. घरी येऊन मी पत्रक लिहिलं. वर मोठ्या अक्षरात मथळा: "सायरन झोपलाय! तुम्हीही झोपणार का?" खाली तुझ्या सहीला जागा सोडली आणि ललितापंचमीला ते घेऊन तुझ्याकडे निघालो. रिक्षा टेंभी नाक्याच्या देवीच्या गर्दीत अडकली, पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. तुमच्या सोसायटीत भोंडल्याची तयारी चाललेली. अंगणात पाट मांडलेला, पाटावर रांगोळीचा हत्ती.

तू पत्रक उभ्या उभ्या वाचलंस आणि मथळ्यावर बोट ठेवलंस.

"हे काढ."

"का? सगळ्यात जोरदार ओळ आहे."

"खोटी आहे. सायरन झोपलेला नाहीये. झोपलेला असता तर कोणीतरी उठवला असता. तो जागा आहे निखिल, जीव तोडून काम करतोय. सारखा पहिल्यापासून मोजतोय." मग माझा चेहरा बघून बोललीस, "तुला असं नाही कळणार. चल खाली."

आणि भर भोंडल्यात तू मला रिंगणाच्या मधोमध उभं केलंस, हत्तीशेजारी. भोंडल्यात पुरुषाचं काय काम? सुमाकाकूंनी लगेच सुनावलं, "अगं बाई मृणाल, यंदा हत्ती दोन का?" सगळ्या हसल्या. तू त्यांना सांगितलंस, फेर धरा, गाणं म्हणा, आणि प्रत्येकीने उजवा हात वर ठेवा नाहीतर खाली. मला सांगितलंस, वर असलेले हात मोज. अट एकच. मोजत असताना एकीनेही हात बदलला, तर आधीचं सगळं सोडून द्यायचं आणि पहिल्यापासून सुरू करायचं.

"पहिल्यांदा सगळ्याजणी जरा गप गुमान," तू बोललीस. फेर फिरला, कोणी हात हलवला नाही. मी मोजले. सात. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

"हे तुमचं शुक्रवारचं ड्रिल," तू बोललीस. "आता मनाला येईल तसे हात बदला ग."

मी सुरू केलं. तीनपर्यंत पोचलो, एकीचा हात खाली गेला. पुन्हा एक, दोन, समोरच्या मुलीने मुद्दाम हात नाचवला. पुन्हा एक. गाणं वेग घेत होतं, फेर वेग घेत होता, सुमाकाकू ओरडत होत्या, "अहो, हत्ती अजून मोजतोच आहे! मोज रे बाबा, खिरापत संपेल!" मला घाम फुटला. मी थांबलेलो नव्हतो, एक क्षण थांबलो नव्हतो, आणि माझ्या हातात काहीच नव्हतं.

तू रिंगणाबाहेरून विचारलंस, "किती?"

"थांब."

"किती, निखिल?"

"अगं थांब ना!"

"लोक दारात उभे आहेत, कुठल्या बाजूला पळायचं विचारतायत. किती?"

"सात!" मी ओरडलो.

गाणं चालू होतं पण तू एकदम गंभीर झालीस. "ते मगाचचे सात आहेत," तू बोललीस. "आमचा सायरनही हेच करतो."

ताई, आयुष्यभर तू काय काम करत होतीस ते मला त्या रिंगणात कळलं. आता वाचणाऱ्यांना सांगतो, तुझ्याइतकं नेमकं नाही जमणार. आजकालच्या संगणकात एकाच वेळी काम करणारे अनेक मेंदू असतात, त्यांना कोअर म्हणतात. ते सगळे एकाच मेमरीत लिहितात, वाचतात. एकमेकांना कुलपं लावून अडवण्यापेक्षा प्रत्येकाने बिनधास्त आपलं काम करावं, आणि काम संपताना बघावं की आपण वाचलेलं मधल्या मध्ये कोणी बदललं का. नसेल तर काम पक्कं. असेल तर ते टाकायचं आणि पहिल्यापासून. याला ट्रान्झॅक्शनल मेमरी म्हणतात. चांगली पद्धत आहे, तू स्वतः तिचं कौतुक करायचीस. पण हिच्यात एक खोड आहे. छोटी कामं पटकन संपतात आणि जिंकतात. मोठं काम लांबतं, म्हणून सारखं तेच हरतं.

आमच्या भिंतीपलीकडे प्रत्येक सेन्सर आपला आकडा लिहितो, आणि तोही बदलला तरच. हे छोटं काम. बाहेरच्या वस्तीसाठी सायरन वाजवायचा आणि लोकांना कुठल्या बाजूला जा म्हणून सांगायचं, तर सगळ्या सेन्सरचे आकडे एकाच क्षणाचे लागतात. हे मोठं काम. मी विचारलेलं, थोडे आधीचे थोडे नंतरचे घेतले तर काय बिघडलं? तू बोललेलीस, "मग लोकांना गॅसकडेच पळवशील." शांत दिवशी सेन्सर गप्प असतात, मोठं काम आरामात पार पडतं, पाहुणे खूश. ज्या दिवशी खरंच गॅस सुटेल, त्या दिवशी वाऱ्याबरोबर सगळे आकडे एकदम नाचतील. म्हणजे ज्या दिवसासाठी सायरन बसवलाय, नेमका त्याच दिवशी तो मोजत बसेल. आणि पुन्हा पुन्हा हरला की पडद्यावर काय ठेवेल? शेवटचं जमलेलं उत्तर. मगाचचे सात. हिरवा रंग. सर्व ठीक.

मी रिंगणात उभा राहून बोललो, "मग थांबव ना सगळ्यांना!"

"थांबा ग!" तू ओरडलीस. फेर खाडकन थांबला, मागची पुढचीवर आदळली, गाणं तुटलं. "हे कुलूप," तू बोललीस. "तुझं मोजून होईपर्यंत सगळे खोळंबले. गॅस खोळंबेल?" मग तू कमरेला खोचलेला फोन काढलास, फेर पुन्हा सुरू करायला सांगितलंस, एक फोटो काढलास आणि फोन माझ्या हातात दिलास. "आता मोज."

बायका नाचत होत्या, हात वर खाली करत होत्या, आणि मी फोटोतले हात मोजत होतो. नऊ. कोणी थांबलं नाही. कोणाचं काही वाया गेलं नाही.

"जरासा जुना आकडा आहे," तू बोललीस, "पण खरा आहे. सगळे हात एकाच क्षणाचे."

तुझी दुरुस्ती एवढीच. आकडा बदलताना जुना लगेच पुसायचा नाही, मोजणाऱ्याचं होईपर्यंत बाजूला ठेवायचा. छोटी कामं धावत राहतात, मोठं कामही पूर्ण होतं. तू ती लिहिलीस, चालवून दाखवलीस. ऑफिसने काढून टाकली, का, तर जुने आकडे जागा खातात, आणि ड्रिलच्या पडद्यावर सिस्टिमचा वेग कमी दिसतो. दिसतो! "पुढच्या वेळी बघू, मॅडम." या वाक्याचा अर्थ नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

त्या संध्याकाळी वर घरात आपण भांडलो. हातात खिरापतीची वाटली डाळ, आणि दोघांचाही आवाज चढलेला.

"आता सही कर," मी बोललो.

"नाही."

"नोकरीसाठी?"

तू माझ्याकडे असं बघितलंस की वाटलं, तो शब्द गिळला असता तर बरं झालं असतं. "तुझ्या पत्रकात एक वाक्य चुकीचं निघालं ना, की ते तेवढं एकच वाक्य सगळ्यांना वाचून दाखवतील. बाकीचा कागद गेला. मला आधी सगळ्या सेन्सरची एकत्र चाचणी हवी. मग कर पाहिजे तेवढी आरडाओरड."

"लोकांना मेमरी कळत नाही, ताई. भीती कळते."

"भीतीने लोक एकदा घराबाहेर येतात. दुसऱ्यांदा खिडकी लावून घेतात. तुमच्या डोंबिवलीत येऊन बघितलंय मी."

"आणि तुझी चाचणी होईपर्यंत गॅस आला तर?"

तू वाटी खाली ठेवलीस. मामी दारात उभी होती. मी पत्रक घडी करून खिशात घातलं आणि जिना उतरलो.

ते उत्तर आता मिळणार नाही. आणि मी तुझं ऐकलं असं समजू नकोस. मला अजूनही वाटतं की तू त्या मांडवात माझं मनगट सोडायला हवं होतंस. तू ऑफिसात सांगत राहिलीस, बाजूला घेऊन, मान राखून, योग्य शब्दांत. काय झालं त्याने? तुझ्या तेराव्याला त्या सगळ्याला "काळजी फार करायच्या" असं नाव मिळालं. मी तुझ्यावरही रागावलोय, ताई. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावणार.

पण खिडकीचं तू बोललीस ते खरं होतं. मी शाळेत असताना तू दिवाळीत आमच्याकडे गणित शिकवायला यायचीस. एकदा सकाळी गॅलरीत उभी राहून तू विचारलंस, "हा कसला वास?" आई बोलली, "रोजचा." तू बोललीस, "रोजचा म्हणजे कसला?" आमच्यापैकी कोणालाच सांगता आलं नाही. आईने खिडकी लावली, मला पुस्तक उघडायला सांगितलं. तू त्या दिवशी गणित शिकवलंच नाहीस. मला घेऊन खाली उतरलीस आणि भिंतीच्या कडेकडेने चालत राहिलीस, प्रत्येक वळणावर मला विचारत, "इथे जास्त की मगाशी जास्त?" मी वैतागलेलो, मला फटाके उडवायचे होते. आज मी वसाहतीत कोणाच्याही घरी पत्रक घेऊन जातो तेव्हा पहिला प्रश्न तोच विचारतो. लोकांना वाटतं आंदोलनात शिकलो.

मग तापाचं निमित्त झालं. हॉस्पिटलात तुझ्या बोटाला चिमटा लावलेला, डोक्याशी यंत्र टिकटिक करत होतं. मी त्याच्याकडे टक लावून बसलेलो. तू डोळे न उघडता बोललीस, "त्याला कशाला घाबरतोस? एकच पेशंट मोजायचाय त्याला, सोपं काम आहे." मला हसू येईना. तू डोळे उघडलेस.

"पत्रक आहे का अजून?"

होतं. पाकिटात, घडीला फाटत आलेलं. मी काढलं आणि वाचून दाखवू लागलो. मागण्या होत्या बऱ्याच: चौकशी करा, जबाबदारी ठरवा, वस्तीला भरपाईची हमी द्या, समिती नेमा.

"एकच ठेव," तू बोललीस.

"एकच?"

"चार मागितल्यास तर त्यातली सगळ्यात सोपी देतील. समिती देतील." श्वास घ्यायला थांबलीस. "सगळे एकदम. तेवढं लिही. बाकी काढ."

"आणि सही?"

तू हसलीस, तुझं ते एका बाजूचं हसू. "तेवढंच ठेवलंस तर कर माझ्या नावाने."

त्यानंतर नर्सने मला बाहेर काढलं. "कर" हा होकार होता की तू मला गप्प करत होतीस, हे मी विचारायचं ठेवलं. उद्या विचारू म्हणून. बाहेरच्या बाकावर मी मागण्यांवर काट मारत बसलो, आणि मला वाटलं की आपलं भांडण मिटतंय. ते मिटायच्या आत तू गेलीस.

म्हणून ताई, आता जरा थांब. मला यांच्याशी बोलायचंय.

तुम्ही, जे भिंतीला भिंत लागून राहता आणि खिडक्या लावून घेता. पुढच्या महिन्यात पुन्हा ड्रिल आहे. मांडव पडेल, नारळ फुटेल, बाटली आणि वाटी घेऊन माणूस एकेका सेन्सरपाशी जाईल. सायरन वाजेल. तो वाजणारच आहे. त्यावरून कोणी तुम्हाला विचारेल, "आता तरी खूश?" त्या वेळी तुम्ही मांडवात असायला हवं. आमंत्रणाची वाट बघू नका, वस्ती तुमची आहे.

घोषणा नकोत. साहेबांना शिव्या नकोत. मृणालचा फोटोही आणू नका. सगळे सेन्सर एकदम नाचवल्यावर सायरन वाजला, तर मीच सगळ्यात आधी टाळ्या वाजवीन आणि हे सगळं लिहिलेलं जाहीरपणे मागे घेईन. पण तोपर्यंत हात मांडीवर ठेवा. पहिला सायरन वाजेल, पुढच्या रांगेत टाळ्या सुरू होतील, तुमचे हात सवयीने उठतील. उठू देऊ नका. जागेवरून उभे राहा, ती खालच्या आवाजात बोलली होती तेच मोठ्याने बोला, आणि तसं करून दाखवेपर्यंत बसू नका:

एकेक नको. सगळे एकदम.